उरीयाची माफी कोण मागणार?

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस उमटतो आणि त्याच उपासनेत एक्कावन्नावं स्तोत्र म्हटलं जातं. मला धुऊन काढ म्हणजे मी बर्फाहून शुभ्र होईन, माझ्या ठायी शुद्ध हृदय निर्माण कर, भंगलेलं हृदय तू धिक्कारत नाहीस. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस ज्या सुरात जायचे तो सूर इथेच लागतो. हे स्तोत्र मी इतक्या वेळा म्हटलं आहे की त्यातल्या एका ओळीला बरीच वर्षं माझी ठेचच लागली नाही. राजा दावीद देवाला म्हणतो, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं आहे. त्या ‘केवळ’शी मी अडखळलो तो वयाच्या चाळिशीत, आणि तेव्हापासून अडखळतोच आहे.

कारण प्रसंग स्तोत्राच्या मथळ्यातच दिलेला आहे. बथशेबेच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा दावीदाकडे आला, तेव्हाचं हे स्तोत्र. सैन्य राब्बा शहराला वेढा घालून बसलं होतं आणि राजा घरी होता. त्याने आपल्याच एका सैनिकाची बायको, बथशेबा, बोलावून घेतली. ती गरोदर राहिल्यावर नवऱ्याला, उरीया हित्तीला, रणांगणावरून परत बोलावलं, म्हणजे तो घरी जाईल, एक रात्र राहील आणि सगळं झाकलं जाईल. उरीया घरी गेलाच नाही. माझे सोबती उघड्या मैदानात झोपत असताना मी घरी जाऊन खाऊपिऊ कसा, असं म्हणून तो राजवाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर झोपला. दुसऱ्या रात्री राजाने त्याला दारू पाजून पाहिली, तरी नाही. शेवटी सेनापती यवाबाला चिठ्ठी गेली: उरीयाला लढाईच्या तोंडाशी ठेवा आणि मागे सरा. ती चिठ्ठी घेऊन गेला तो उरीयाच. त्याच्याबरोबर आणखीही काही सैनिक मेले. बातमी आली तेव्हा राजाने यवाबाची समजूत काढली, मनाला लावून घेऊ नकोस, तलवार आज याला खाते, उद्या त्याला.

आणि हा माणूस म्हणतो, केवळ तुझ्याविरुद्ध.

याला धर्मशास्त्रात उत्तर आहे, आणि ते टाकाऊ नाही. कुठलंही पाप अखेर देवाविरुद्धच असतं, कारण ज्याला दुखावलं तोही देवाचाच. शिवाय त्या काळच्या राजाला जाब विचारणारं पृथ्वीवर कुणी नसे. आपल्या वर कुणीतरी आहे हे त्याने कबूल करणं हीच केवढी तरी गोष्ट होती. मला हे पटतं. माझी तक्रार दावीदाशी नाहीच, आपण त्या ओळीचं जे करून ठेवलं त्याच्याशी आहे. आपला प्रायश्चित्तकाळ दोघांचा झाला आहे: मी आणि देव. फार तर मध्ये एक धर्मगुरू. ज्याचं नुकसान झालं तो तिसरा माणूस खोलीबाहेर उभा आहे, आणि आत त्याच्या वतीने क्षमा दिली-घेतली जाते आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्याला आत बोलावल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही. आणि तो आत आला तर क्षमा करायची की नाही हे ठरवण्याचा हक्क त्याचा असतो, आपला नव्हे, प्रवचन देणाऱ्याचाही नव्हे.

माझीच एक गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि तिचं खापर एका सहकाऱ्याच्या डोक्यावर फुटलं. मी फोडलं नाही, पण फुटू दिलं. त्याची बढती हुकली. पुढच्या लेंटमध्ये मी पापनिवेदन केलं. धर्मगुरू मायाळू होते, त्यांनी काही प्रार्थना म्हणायला सांगितल्या, पापमोचन दिलं, आणि मी हलका होऊन बाहेर पडलो. खरोखर हलका, त्यात ढोंग नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर तो त्याच टेबलाशी बसला होता, माझ्या चुकीचा डाग स्वतःच्या नावावर घेऊन. जे घडलं होतं ते फक्त माझ्यात घडलं होतं. त्याला सांगायला मला आणखी दोन वर्षं लागली. तो म्हणाला, “बरं झालं सांगितलंस.” एवढंच. माफ केलं की नाही, मला आजही ठाऊक नाही, आणि विचारायचा मला अधिकार आहे असं वाटत नाही.

हे असं व्हावं अशी या काळाची मुळात योजना नव्हती. इसवी सन ३२५च्या नायसियाच्या धर्मपरिषदेने केलेल्या नियमांपैकी पाचव्या नियमात ‘चाळीस दिवसां’चा उल्लेख येतो, लेंटच्या सगळ्यात जुन्या उल्लेखांपैकी तो एक मानला जातो. पण तो उल्लेख आला आहे कशाच्या संदर्भात? उपासाच्या नाही. नियम असा, की एखाद्या बिशपने कुणाला मंडळीबाहेर काढलं असेल तर ते त्याच्या हेकेखोरपणातून, भांडकुदळपणातून किंवा तसल्याच एखाद्या आकसातून तर झालं नाही ना, हे प्रांतातल्या बाकीच्या बिशपांनी वर्षातून दोनदा एकत्र बसून तपासावं. त्यातली एक बैठक चाळीस दिवसांच्या आधी घ्यावी, म्हणजे मनातली सगळी कटुता जाऊन देवाला शुद्ध दान अर्पण करता येईल. म्हणजे लेंटच्या उंबरठ्यावरचं पहिलं काम होतं अधिकाऱ्यांनी केलेला अन्याय तपासणं. सामान्य माणसाने मांस सोडलं की नाही हे नंतर.

त्या नियमामागे येशूचं एक वाक्य उभं आहे, डोंगरावरच्या प्रवचनातलं. तू वेदीपाशी दान घेऊन आला आहेस आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. वाक्य नीट वाचलं तर लक्षात येतं की राग भावाच्या मनात आहे, आपल्या नाही. म्हणजे चूक आपली आहे. देव म्हणतो, मी थांबतो, तू जाऊन ये. लेंटमध्ये आपण नेमकं उलट करतो. देवाला आधी गाठतो, आणि भाऊ थांबलेला असतो.

पहिल्या काही शतकांत मोठ्या पापांचं प्रायश्चित्त चारचौघांत होई. खून, व्यभिचार, धर्मत्याग करणाऱ्याला वेगळं उभं केलं जाई, त्याला प्रभुभोजनातून वगळत, आणि रोममध्ये पवित्र गुरुवारी अशा लोकांना पुन्हा मंडळीत घेत. कपाळावरची राख ही मुळात या लोकांची खूण. अकराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती सगळ्यांनाच लावायची पद्धत रुळली. ही जुनी व्यवस्था निर्दय होती यात शंका नाही. असं प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळे, म्हणून लोक ते मरणाच्या दारापर्यंत पुढे ढकलत. आयर्लंडच्या मठवासीयांनी सहाव्या-सातव्या शतकांपासून खासगी आणि पुन्हा पुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची पद्धत पसरवली तेव्हा लोकांनी ती आनंदाने उचलली, आणि १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन केलंच पाहिजे असा नियम घातला. माणसाची अब्रू वाचली. पण अब्रूबरोबर तो तिसरा माणूसही नजरेआड झाला. चारचौघांत उभं राहायचं तेव्हा निदान त्या चारचौघांत तो असण्याची शक्यता होती.

नियम मात्र आजही जागेवर आहे. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्वच्छ लिहिलं आहे की पापमोचनाने पाप जातं, पण पापाने केलेली नासधूस भरून निघत नाही. चोरलेलं परत करा, ज्याची बदनामी केली त्याचं नाव पुन्हा उजळ करा, इजेची भरपाई द्या. मी आजवर जितकी लेंटची प्रवचनं ऐकली त्यांत चॉकलेट सोडण्याबद्दल, मोबाईल कमी वापरण्याबद्दल पुष्कळ ऐकलं. चोरलेलं परत करा, हे एकदाही नाही.

शब्दाकडेही एकदा पाहू. आपला पश्चात्ताप म्हणजे नंतर होणारा ताप, आणि ताप ज्याचा त्याला होतो. संदेष्टे ज्या हिब्रू शब्दात बोलत होते त्याचा अर्थ मागे फिरणं. ग्रीक शुभवर्तमानातला शब्द मन पालटण्याचा. लॅटिन भाषांतरात तिथे ‘प्रायश्चित्त करा’ असं आलं, आणि सोळाव्या शतकात विद्वान इरॅस्मसने त्यावर बोट ठेवलं. १५१७ साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने आपल्या पंचाण्णव विधानांपैकी पहिलंच विधान याच शब्दावर केलं: विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप व्हावं. ते बरोबरच होतं. पण ताप असो की पालट, दोन्ही मनातल्या मनात राहू शकतात. फिरायचं म्हटलं की पायांनी फिरावं लागतं, आणि कुणाकडे तरी फिरावं लागतं.

सत्ताधाऱ्यांच्या पश्चात्तापाची दोन चित्रं चर्चच्या इतिहासात नेहमी दाखवली जातात. पहिलं ३९०चं. थेस्सलोनिका शहरात जमावाने एका रोमन सेनाधिकाऱ्याला मारलं म्हणून सम्राट थिओडोसियसच्या हुकमावरून तिथल्या हजारो लोकांची कत्तल झाली. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला खासगी पत्र लिहिलं, दावीदाचं उदाहरण दिलं आणि सांगितलं, तुम्ही समोर असाल तर मी वेदीवर अर्पण करू शकत नाही. सम्राटाने राजचिन्हं उतरवून लोकांदेखत अश्रू ढाळले. दुसरं चित्र जानेवारी १०७७चं. पोप सातव्या ग्रेगरीने आदल्या वर्षीच्या लेंटमधल्या धर्मसभेत बहिष्कृत केलेला जर्मन राजा चौथा हेन्री कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस अनवाणी उभा राहिला.

हेन्रीला क्षमा मिळाली, गादी सावरली, आणि जेमतेम सात वर्षांत, १०८४ला, त्याने रोम घेऊन आपल्या मर्जीतला पोप बसवला. ग्रेगरी पुढच्या वर्षी सालेर्नोत परागंदा अवस्थेत वारला. बर्फ खरा होता, पाय खरोखर गारठले असतील, पण फिरणं झालं नव्हतं. थिओडोसियसचं थोडं वेगळं. इतिहासकार थिओडोरेट सांगतो की अँब्रोजने त्याच्याकडून एक कायदा करून घेतला: मृत्युदंडाचा हुकूम निघाला की तीस दिवस थांबायचं, मग पुन्हा विचार करायचा. तपशिलाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, पण गोष्टीतलं शहाणपण मला महत्त्वाचं वाटतं. राग आला की जे घडलं ते पुन्हा घडू नये अशी काहीतरी अडचण स्वतःच्या वाटेत घालून घेणं. अश्रूंपेक्षा त्या तीस दिवसांचा मला जास्त भरवसा वाटतो. तरीही या कथेत सम्राट आहे, बिशप आहे, वेदी आहे. थेस्सलोनिकातल्या विधवा कुठेच नाहीत. पुन्हा तोच दोघांचा खेळ.

आजचा सत्ताधारी बर्फात उभा राहत नाही, निवेदन काढतो. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोत. या ‘असतील तर’मध्ये सगळी चलाखी भरलेली आहे. केलं कुणी, काय केलं, कुणाला केलं, काहीच त्यात नाही. उलट दुखावून घेतल्याचा हलकासा ठपका ऐकणाऱ्यावरच. असली माफी मागणाऱ्याला हवी असते ती क्षमा नव्हे, विषय बंद व्हायला हवा असतो.

चर्चनेही हे केलं आहे, आणि चर्चनेच यापेक्षा बरंही केलं आहे. १२ मार्च २००० रोजी, लेंटच्या पहिल्या रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी सेंट पीटर्समध्ये चर्चच्या लेकरांच्या हातून शतकानुशतकं घडलेल्या पापांची जाहीर कबुली दिली. टीका झाली की पापं ‘लेकरांची’ म्हटली, चर्चची नाही, आणि माफी मागितली ती देवाची. टीका खरी आहे. पण दोनच आठवड्यांनी, २६ मार्चला, तो थकलेला, थरथरत्या हातांचा माणूस यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी चालत गेला आणि त्याने यहुद्यांच्या छळाबद्दलच्या कबुलीची चिठ्ठी भिंतीच्या फटीत ठेवली. चिठ्ठीतले शब्द देवाला उद्देशूनच होते. तरी पाय योग्य ठिकाणी गेले होते.

२०१०च्या लेंटमध्ये, १९ मार्चला, पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहिलं. धर्मगुरूंनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार आणि वरिष्ठांनी केलेली झाकपाक हा विषय. पत्रात पीडितांबद्दल मनापासून दुःख व्यक्त केलं आहे, बिशपांच्या गंभीर चुका कबूल केल्या आहेत. आणि मग आयर्लंडच्या सगळ्या श्रद्धावंतांना आवाहन आहे की पुढच्या ईस्टरपर्यंत वर्षभर शुक्रवारचे उपास आणि प्रार्थना या कामी अर्पण करा. हेतू चांगला असेल. पण ज्या आईच्या मुलावर अत्याचार झाला तिनेही उपास करायचा? करून गेले कोण, उपास कुणाला! पाप सगळ्यांवर सारखं वाटून टाकलं की ज्याचं होतं त्याच्या वाट्याला फार थोडं उरतं.

आणि २०१८. त्या वर्षी जानेवारीत चिलीच्या दौऱ्यावर असताना पोप फ्रान्सिस एका बिशपवरचे झाकपाकीचे आरोप उडवून लावताना पुरावा आणा म्हणाले, ही बदनामी आहे असंही म्हणाले. पीडित माणसाच्या तोंडावर दार आपटण्यासारखंच ते होतं. नंतर त्यांनी चौकशीसाठी माणसं पाठवली. राखेचा बुधवार त्या वर्षी १४ फेब्रुवारीला होता. साक्षी नोंदवल्या गेल्या त्या त्यानंतरच्या दिवसांत, न्यूयॉर्क आणि सान्तियागोमध्ये. चौसष्ट साक्षी, २,३०० पानांचा अहवाल. ईस्टरनंतरच्या आठवड्यात, ८ एप्रिलला, फ्रान्सिस यांनी चिलीच्या बिशपांना लिहिलं की परिस्थिती समजून घेण्यात मी गंभीर चुका केल्या. मग तीन पीडितांना स्वतःच्या निवासस्थानी बोलावलं, प्रत्येकाला हवा तितका वेळ बोलू देऊन एकेकट्याचं ऐकलं आणि त्यांची माफी मागितली. मे महिन्यात चिलीच्या बिशपांनी एकगठ्ठा राजीनामे देऊ केले. पुढे सगळं सुरळीत झालं असं म्हणायला मी धजणार नाही. पण क्रम पाहा: आधी ऐकणं, मग तपशिलात लिहून काढणं, मग ‘मी चुकलो’ असं एकवचनात म्हणणं, मग समोर बसून माफी, आणि मग खुर्च्यांचा प्रश्न. माझ्या पाहण्यात आलेला हा सगळ्यात खरा लेंट, आणि त्यातला बराचसा प्रार्थनेच्या वह्यांत नाही, साक्षीच्या कागदांवर झाला.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त सतावते. दुखावलेल्यावर क्षमेची सक्ती. मार खाणारी बायको धर्मगुरूकडे जाते आणि तिला सांगितलं जातं, येशूने सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितलं आहे. मालमत्तेत फसवलेल्या भावाला सांगतात, प्रायश्चित्तकाळ आहे, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणा. क्षमा केली नाही तर पापी तो ठरतो! म्हणजे आधी नुकसान, वर अपराधीपणाचं ओझं.

पण त्या वचनाच्या शेजारीच, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या त्याच अठराव्या अध्यायात, आधी सांगितलं आहे की भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि त्याचा दोष त्याच्या पदरात घाल. ऐकलं नाही तर आणखी एक-दोन जणांना साक्षीला ने. तरीही नाही तर मंडळीला सांग. लूकमध्ये तर अट सरळ आहे: त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. आणि सत्तर गुणिले सातनंतर लगेच येणारा निर्दय चाकराचा दाखला, तोही नीट वाचावा. एका चाकराचं धन्याकडे दहा हजार तालांतांचं कर्ज असतं. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे दिवसाची मजुरी. सहा कोटी दिवस. हे कर्ज फेडण्यासाठी नसतंच, ते माफच होऊ शकतं. त्याचं सोबत्याकडे येणं असतं ते शंभर दिनार. प्रवचनांत या शंभर दिनारांना क्षुल्लक म्हणायची प्रथा आहे. शंभर दिवसांची मजुरी क्षुल्लक? मजुराला विचारा. मला वाटतं येशूला त्या आकड्याची किंमत पक्की ठाऊक होती. माणसाने माणसाचं केलेलं नुकसान देवाच्या हिशेबापुढे छोटं असेल, पण ते खरं आहे, मोजता येण्याजोगं आहे. आणि दाखल्यात तो सोबती पाया पडून मुदत मागतो, “मी फेडीन” म्हणतो, हेही आपण विसरतो. “मला माफ करणं तुझं कर्तव्य आहे” असं तो म्हणत नाही.

वधस्तंभावरचा येशू मला कुणीतरी दाखवेल. बापा, यांना क्षमा कर. तिथे कुणी पश्चात्ताप केला होता? नव्हता. पण खिळे त्याच्या हातांत होते. ज्याच्या हातांत खिळे आहेत तो अटीवाचून क्षमा करू शकतो. त्याहून मोठं काही मी जाणत नाही. बाजूला उभ्या असलेल्याने ते त्याच्याकडून वसूल करणं ही मात्र निव्वळ आगाऊपणाची गोष्ट आहे. १३ मे १९८१ला जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चारच दिवसांनी रुग्णालयातून त्यांनी हल्लेखोराला क्षमा केल्याचं सांगितलं, आणि १९८३च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन त्याच्याशेजारी बसून बोलले. गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या होत्या, क्षमा त्यांची होती. तरीही तो हल्लेखोर, मेहमेत अली आग्जा, पुढची सोळा-सतरा वर्षं इटलीच्या तुरुंगातच होता. २००० साली इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली तेव्हा सुटला, तोही तुर्कस्तानच्या तुरुंगात जायला. क्षमा केली म्हणजे तक्रार मागे घेतली पाहिजे, असं बायकांना आणि मुलांना सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

वर्णभेदाच्या अंतानंतर दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला. तिथे माफीसाठी अट होती संपूर्ण सत्य सांगण्याची; पश्चात्ताप वाटलाच पाहिजे अशी अट कायद्यात नव्हती. मला हे प्रामाणिक वाटतं, कारण न्यायालयाला मन तपासता येत नाही, माहिती तपासता येते. भरपाईचं काय झालं? आयोगाने सुचवलेली रक्कम मागे पडली आणि २००३ साली सरकारने पीडितांना एकरकमी ३०,००० रँड द्यायचं ठरवलं. त्या काळात तिकडे सायकलची एक गोष्ट सांगत. एकाने दुसऱ्याची सायकल चोरली. वर्षभराने चोर येऊन म्हणतो, चल, जुनं विसरू, सलोखा करू. दुसरा विचारतो, आणि सायकल? चोर म्हणतो, मी सलोख्याबद्दल बोलतोय, सायकलबद्दल नाही.

सायकल परत करणारा बायबलात एक आहे, जक्कय. जकातदारांचा प्रमुख, श्रीमंत, बुटका, येशूला पाहायला झाडावर चढलेला. लूकने त्याची गोष्ट सांगितली आहे आणि तिच्यात तो एकदाही ‘मला क्षमा कर’ म्हणत नाही. उभा राहतो आणि आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट. यानंतर येशू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. चौपट हा आकडा हवेतला नाही, चोरलेल्या मेंढरामागे चार मेंढरं द्यावीत असा मोशेचा नियम आहे. आणि हाच आकडा आधी एकदा कुणाच्या तोंडून आला आहे? दावीदाच्या. नाथानाने त्याला गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हा राजा संतापून म्हणाला, त्याने त्या मेंढीच्या चौपट भरून दिलं पाहिजे. “तो मनुष्य तूच आहेस,” असं नाथान म्हणाल्यावर मात्र चौपटीचा विषय पुन्हा निघत नाही. ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे’ ही कबुली आणि ‘परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे’ हे उत्तर, दोन्ही एकाच वचनात उरकतात.

येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राने, वाटणी घेऊन ती उडवून परत आलेल्या धाकट्या मुलाने, हे दावीदापेक्षा बरं केलं. डुकरांमध्ये बसून त्याने वाक्य घोकलं आणि बापासमोर म्हटलं: मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केलं आहे. दोघांचीही नावं घेतली. (थोरल्या भावाचं कुणी घेतलं नाही. वाटणी झाल्यावर उरलेलं सगळं त्याचं होतं, म्हणजे धाकट्याच्या मेजवानीला कापलेलं ते पुष्ट वासरूही हिशेबाने त्याचंच. त्याच्या रागाला आपण उगाच हिणवतो.)

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत लेंटची सुरुवात राखेने होत नाही. आदल्या रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर प्रत्येक जण प्रत्येकासमोर वाकतो आणि म्हणतो, मला क्षमा कर. धर्मगुरूसुद्धा. मला ही प्रथा फार मोलाची वाटते, कारण तिथे माणसाला माणसाच्या डोळ्यांत पाहावं लागतं. तिच्यातही पळवाट आहेच. सगळ्यांची सगळ्यासाठी माफी मागितली की नेमकी एकाची, नेमक्या एका गोष्टीसाठी मागायची राहून जाते. तरी रांगेत तो माणूस समोर येतो तेव्हा आवाज बदलत असणार.

माझ्या म्हणण्यात एक धोका आहे आणि तो मान्य केला पाहिजे. ‘जा आणि माफी माग’ हे प्रत्येक वेळी योग्य नसतं. ज्या मुलीवर अत्याचार झाला तिच्या दारात दहा वर्षांनी पश्चात्ताप घेऊन उभं राहणं हा दुसरा अत्याचार ठरू शकतो. स्वतःचं मन मोकळं करायला पुन्हा तिलाच वापरणं. अशा वेळी गुन्हा कबूल करायचा तो पोलिसांपुढे, भरपाई द्यायची ती तिसऱ्याच्या हातून, आणि तिच्यापासून लांब राहायचं. तिने बोलावलं तर जायचं. नाही बोलावलं तर ते ‘नाही’ घेऊन जगायचं. क्षमा न मिळता पश्चात्तापात राहता येतं का? मला वाटतं येतं, आणि चाळीस दिवस ही त्याचीच तालीम असावी. आपण तिला वजन कमी करण्याची तालीम करून टाकली आहे.

आणि ज्याला दुखावलं तो हयातच नसेल तर? बाराव्या शतकातला यहुदी धर्मपंडित मैमोनिडीस सांगतो, दहा माणसं बरोबर घेऊन त्याच्या कबरीपाशी जा, आणि मी अमक्याचा असा असा अपराध केला असं त्या दहांसमोर म्हण. त्याचे पैसे देणं असेल तर वारसांना दे. त्याच परंपरेतला जुना दंडक असा की प्रायश्चित्ताचा दिवस देवाविरुद्धची पापं धुतो. माणसाविरुद्धची तोपर्यंत धूत नाही जोपर्यंत त्या माणसाची मनधरणी केलेली नाही. येशू ज्या घरात वाढला त्या घराची ही भाषा आहे. मत्तयमधल्या ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या प्रार्थनेतही आपण पाप म्हणत नाही, ऋण म्हणतो. ऋणाला सावकार असतो, रक्कम असते, त्याचं नाव असतं.

उरीयाची कबर कुठे होती कोण जाणे. दावीद तिथे गेल्याचं लिहिलेलं नाही. पण मत्तयने शुभवर्तमान सुरू केलं ते येशूच्या वंशावळीने, आणि त्या नावांच्या लांबलचक यादीत शलमोनाच्या जन्मापाशी तो येतो तेव्हा बथशेबेचं नाव लिहीत नाही. तो लिहितो, दावीदाला उरीयाच्या पत्नीपासून शलमोन झाला. मध्ये हजारएक वर्षं गेली होती, ती केव्हाच राणी होऊन, राजमाता होऊन मरून गेली होती, आणि पाप तर देवाने त्याच दिवशी दूर केलं होतं. तरी मुक्तिदात्याच्या घराण्याच्या कागदावर त्या हित्ती सैनिकाचं नाव आहे, दावीदाच्या नावाला खेटून. बथशेबेचं मात्र त्यात गाळलं गेलं, आणि तिलाही कुणी काही विचारलं नव्हतं.